रीसेट सोडण्याचा क्षण

एम्बेडेड संगणक-बोर्ड म्हणजे एखाद्या यंत्राच्या, कॅमेऱ्याच्या किंवा रोबोच्या पोटात बसून वर्षानुवर्षे एकच काम करणारा छोटा संगणक. असा बोर्ड सुरूच होईनासा झाला की त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शेवटची वाट म्हणजे यूएसबी रिकव्हरी मोड. या अवस्थेत बोर्ड आपल्या साठवणीतले काहीही चालवत नाही. चिपच्या सिलिकॉनमध्ये कारखान्यातच कोरलेला आणि नंतर कुणालाही बदलता न येणारा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला बूट रॉम म्हणतात, तो यूएसबीच्या तारेकडे कान लावून बसतो आणि पलीकडच्या संगणकाने पाठवलेले सॉफ्टवेअर स्वीकारतो. धंद्यातल्या भाषेत याला ‘बोर्ड रिकव्हरीत टाकणे’ म्हणतात, आणि त्यानंतरचे ‘फ्लॅश मारणे’, म्हणजे साठवण नव्याने भरणे, हे बहुतांशी स्क्रिप्टचे काम असते. हाताचे कसब लागते ते टाकण्यापुरते, आणि तेही एका क्षणापुरते. त्या क्षणाविषयी प्रस्तुत लेखकाला आता लिहावेसे वाटते, कारण जवळजवळ एक तप हे काम करत आलेला त्याचा उजवा अंगठा वर्षभरापासून थरथरू लागला आहे, आणि जे हात आपसूक करत होता ते आता समजून घेऊन करावे लागते.

हा क्षण नेमका कोणता, हे एनव्हिडियाच्या जेटसन बोर्डांवरून चांगले दाखवता येते. २०१४ च्या टीके१ पासून २०१५ चा टीएक्स१, २०१७ चा टीएक्स२, २०१९ चा नॅनो अशी ही मालिका वाढत गेली, पण रिकव्हरीची मूळ रीत तीच राहिली. टीएक्स२ च्या डेव्हलपर किटवर, म्हणजे विकसकांसाठीच्या तयार संचावर, रिकव्हरीचे आणि रीसेटचे बटण एकाच ओळीत आहे; पहिले दाबून धरायचे, दुसरे दाबून सोडायचे, दोन सेकंद थांबायचे आणि मग पहिले सोडायचे. यामागे ‘स्ट्रॅप’ नावाची कल्पना आहे. चिपच्या ठरावीक पिनांवरचा विद्युतदाब रीसेट सुटताना एकदाच वाचला जातो, नोंदवला जातो आणि पुढच्या रीसेटपर्यंत पुन्हा पाहिला जात नाही. रिकव्हरीची पिन त्या घटकेला ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेली असेल तर चिप यूएसबीकडे वळते. नसेल तर नेहमीच्या वाटेने साठवणीकडे जाते, आणि साठवण बिघडलेली असेल तर तिथेच अडकते. त्या घटकेच्या आधी बटण किती वेळ दाबलेले होते किंवा नंतर किती वेळ दाबून ठेवले, याचे चिपला काहीच देणेघेणे नसते.

लेखकाच्या कसबाचा अभिमान इथेच रुजला. सगळा निर्णय रीसेट सुटण्याच्या घटकेत होतो, तर पुढचे दोन सेकंद नवशिक्यांसाठी आहेत, असे त्याने फार लवकर ठरवून टाकले. एका हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन बटणांवर ठेवून, बोर्डाकडे न पाहता, दुसऱ्या हाताने कीबोर्ड चालवत तो रीसेट सोडायचा आणि जवळजवळ त्याच झटक्यात रिकव्हरीही सोडायचा. बहुतेक वेळा बोर्ड रिकव्हरीत यायचा. जेव्हा येत नसे, तेव्हा दोष बोर्डाचा, केबलचा किंवा वीजपुरवठ्याचा मानला जाई. आपल्या झटक्यात काही चुकत असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

ही चूक इतकी वर्षे झाकून राहिली, कारण या कामात यश आणि अपयश बाहेरून सारखेच दिसतात, आणि या कलेतील सर्वांत चिवट अडचण हीच आहे. रिकव्हरीत गेलेला जेटसन पडद्यावर काहीही दाखवत नाही. वीज आल्याचा दिवा तेवढा पेटलेला असतो. मेलेला बोर्डही तसाच दिसतो, आणि साठवणीत अडकलेलाही. ऐकत बसलेल्या यंत्राची शांतता आणि मेलेल्या यंत्राची शांतता यांत बाहेरून फरक करता येत नाही. तो करण्यासाठी पलीकडच्या संगणकाची साक्ष काढावी लागते. लिनक्सवर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी एक आज्ञा आहे. त्या यादीत एनव्हिडियाचा क्रमांक ०९५५ आणि त्यापुढे नॅनोसाठी ७एफ२१ किंवा टीएक्स२ साठी ७सी१८ असा क्रमांक उमटला, तर बोर्ड ऐकतो आहे असे समजतात.

परंतु यादीतले नाव हीसुद्धा पुरती साक्ष नसते. फ्लॅश मारताना पलीकडचा संगणक आधी चिपचा ओळखक्रमांक वाचतो, मग चिपच्या आतल्या तुटपुंज्या मेमरीत मावेल एवढा एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो, तो बाहेरची मोठी मेमरी जागी करतो आणि मग पुढची पायरी येते. ही साखळी मध्येच तुटली तर बूट रॉम पहिल्या पायरीवर परत येत नाही. बोर्ड यादीत तसाच दिसत राहतो, पण दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर देत नाही. तेव्हा संपूर्ण विधी, रीसेटसकट, पुन्हा करावा लागतो. नॅनोवर आणखी एक फसवणूक संभवते. त्याच्या डेव्हलपर किटवर रिकव्हरीसाठी बटण नाही, पिनांची एक ओळ आहे. पहिल्या ए०२ आवृत्तीत जे४० वरील ३ व ४ क्रमांकाच्या पिना आणि नंतरच्या बी०१ आवृत्तीत जे५० वरील ९ व १० क्रमांकाच्या पिना जम्परने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोपणाने जोडाव्या लागतात. फ्लॅश यशस्वी झाला आणि जम्पर तसाच राहिला, तर पुढच्या सुरुवातीला बोर्ड इमानेइतबारे पुन्हा रिकव्हरीत जातो, पडदा काळाच राहतो, आणि नुकताच वाचवलेला बोर्ड मेल्यासारखा भासतो. याच बोर्डाला वेगळ्या अडॅप्टरने वीज द्यायची तर जे४८ वर दुसरा जम्पर लागतो. तो नसेल तर अडॅप्टर जोडूनही बोर्डाला वीज पोहोचत नाही. एक जम्पर विसरला म्हणून काळोख, दुसरा काढायचा राहिला म्हणूनही काळोखच.

केबलचा प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणा आहे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल जोडली की बोर्डाचा दिवा लागतो, पण यादीत काही उमटत नाही. काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यातून आलेला तपासणी-कॅमेऱ्याचा बोर्ड लेखकाने तीन दिवस रिकव्हरीत टाकून पाहिला आणि चौथ्या दिवशी तो ‘गेला’ असे लेखी कळवले. हाताखाली नुकतीच शिकायला आलेली मुलगी तेव्हा एवढेच म्हणाली, “सर, केबल बदलून बघू का?” बुधवार पेठेतून आणलेली दुसरी केबल लावताच बोर्ड पहिल्याच प्रयत्नात यादीत आला. कारखान्याला दुसरे पत्र गेले, त्यात ‘अधिक तपासणीअंती’ असे शब्द होते आणि त्या मुलीचा उल्लेख नव्हता. तो असायला हवा होता.

या क्षेत्रात दुसरी घराणीही आहेत आणि त्यांच्याविषयी लेखकाची मते कडक आहेत. रॉकचिप कंपनीच्या चिपा वापरणाऱ्या बोर्डांवर ‘मास्क रॉम’ नावाची तशीच अवस्था असते, पण तिथे पोहोचण्यासाठी अनेकजण चिमटा वापरतात. साठवणीच्या चिपला लय देणारी तार, जिला क्लॉक म्हणतात, ती चिमट्याने ग्राउंडला टेकवायची. बूट रॉमला साठवण वाचता येत नाही, तो ती नाहीच असे समजून यूएसबीकडे वळतो, आणि मग चिमटा वेळेवर उचलायचा. रीत चालते, पण चिमटा शेजारच्या पॅडवर घसरला तर बोर्डाचे नुकसान होते, आणि हे काम हातात भिंग घेऊन करणारेही एखादवेळी घसरतात. लेखक वर्षानुवर्षे या चिमटेवाल्यांना आडदांड म्हणत आला. खरे सांगायचे तर त्यांच्या हाताची स्थिरता त्याला कधीच साधली नाही, आणि त्या शब्दात असूयेचा अंश होता.

मोठी तक्रार मात्र बोर्ड बनवणाऱ्यांविषयी आहे. डेव्हलपर किटवर बटणे किंवा निदान पिना असतात. त्याच किटमधला मॉड्यूल, म्हणजे मुख्य चिप बसवलेली छोटी पाटी, जेव्हा एखाद्या उत्पादनासाठी बनवलेल्या वेगळ्या बोर्डावर बसतो, तेव्हा चार पैसे आणि थोडी जागा वाचवण्यासाठी बटण जाते, पिना जातात, आणि रिकव्हरीची तार बोर्डाच्या पाठीमागच्या एखाद्या बिननावाच्या गोल तांब्याच्या ठिपक्यावर येऊन संपते. तो ठिपका कुठे आहे हे ज्याने आराखडा काढला त्यालाच ठाऊक असते, आणि तो माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. शेवटच्या दाराचे हँडल काढून टाकण्यासारखे हे आहे. त्याच्या उलट टोकाला, बोर्ड जरा अडखळला की कारण न शोधता ‘पुन्हा फ्लॅश मार’ म्हणणाऱ्यांची पिढी वाढते आहे. त्याने बोर्ड उठतो, हे खरे. पण तो का पडला होता याचा पुरावा त्याच फ्लॅशमध्ये पुसला जातो.

या दाराचे महत्त्व किती, हे २०१८ मध्ये जगाने पाहिले. जेटसन टीएक्स१ आणि नॅनोमध्ये असलेली टेग्रा एक्स१ ही चिपच निन्तेन्दो स्विच या खेळयंत्रातही आहे, आणि तिच्या बूट रॉममधल्या यूएसबी रिकव्हरीच्या भागात एक दोष सापडला: पलीकडून मागितलेल्या माहितीची लांबी नीट तपासली जात नव्हती, त्यामुळे मेमरीवर हवे ते लिहून आपला प्रोग्रॅम चालवता येत होता. ‘फ्यूजे जेले’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. बूट रॉम सिलिकॉनमध्ये कोरलेला असल्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांतला दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त करता येणे शक्य नव्हते. स्विचमध्येही रिकव्हरीत जाण्यासाठी उजव्या कंट्रोलरच्या खोबणीतली दहावी पिन ग्राउंडला जोडून, आवाज वाढवण्याचे बटण धरून यंत्र सुरू करावे लागते, आणि तिथेही पडदा पूर्ण काळा राहतो. आपण रोज ज्या काळोखाशी झगडतो, त्याच काळोखापुढे जगभरचे हौशी लोक तार हातात धरून बसले आहेत, हे वाचून लेखकाला तेव्हा विलक्षण सोबत वाटली होती.

आता पुन्हा त्या क्षणाकडे येणे भाग आहे. अंगठा थरथरू लागल्यावर रीसेटचे बटण एका दाबात दोन-तीनदा जोडले-तुटले जाऊ लागले. प्रत्येक तुटीला चिप नव्याने सुरू होते, आणि निर्णय फक्त शेवटच्या तुटीचा धरला जातो. त्या वेळी दुसऱ्या बोटाने रिकव्हरी सोडलेली असेल तर बोर्ड नेहमीच्या वाटेने जातो. लेखकाचा जुना झटका त्यामुळे निम्म्या वेळा फसू लागला आणि त्याने तो दोष सर्वस्वी वयाच्या माथी मारला. त्या शिकणाऱ्या मुलीला हे पुरेसे वाटले नाही. तिने बटणाची तार आणि चिपपर्यंत जाणारी रीसेटची तार अशा दोन्ही ऑसिलोस्कोपला, म्हणजे विद्युतदाबाचा काळानुसार आलेख दाखवणाऱ्या यंत्राला जोडल्या आणि स्वतःच्या स्थिर बोटाने रीसेट दाबून सोडला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. बटणाची रेषा आधी वर गेली. चिपची रेषा बऱ्याच अंतराने. मधल्या काळात बोर्डावरची वीज सांभाळणारी चिप वेगवेगळे दाब ठरलेल्या क्रमाने चढवत होती आणि तेवढा वेळ मुख्य चिपला रीसेटमध्येच धरून ठेवत होती.

म्हणजे ज्या घटकेला आपण रीसेट सोडतो असे लेखक इतकी वर्षे मानत होता, ती घटका त्याच्या बोटापाशी कधीच नव्हती. चिप जागी व्हायची त्याचे बोट उठल्यानंतर, आणि त्याचा झटका बहुतेक वेळा यशस्वी व्हायचा तो केवळ रिकव्हरीवरचे बोट जरा आळसाने उठत असल्यामुळे. सूचनेतले दोन सेकंद याच अंतरासाठी होते. ते नवशिक्यासाठी जितके, तितकेच त्याच्यासाठीही. जे अपयश बोर्डांच्या आणि केबलींच्या नावावर मांडले गेले, त्यातले किती त्याच्या घाईचे होते, हे आता मोजण्याची सोय नाही.

त्या मुलीने पुढे दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे खटके, असलेली एक छोटी पेटी बनवली. संगणकाच्या आज्ञेने एक रिले रिकव्हरीची तार ग्राउंडला धरतो, दुसरा रीसेट दाबून सोडतो, आणि पहिला पूर्ण दोन सेकंदांनंतर सुटतो. बोर्ड जिवंत आणि प्रणाली चालू असेल तर जेटसनला पेटीचीही गरज नसते. पुन्हा सुरू होण्याच्या आज्ञेला रिकव्हरीचा शब्द जोडला की तो आपणहून तिथे जातो. पेटीचे काम उरते ते उत्तर न देणाऱ्या बोर्डांसाठी, आणि ते काम ती चुकत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेले असले की लेखक तीच पेटी वापरतो.

कार्यशाळेत एकटा असताना मात्र तो अजूनही अंगठ्यानेच रीसेट दाबतो. फरक एवढाच, की आता तो रिकव्हरीवरचे बोट उचलण्याआधी हळू आवाजात एक, दोन असे मोजतो, आणि मगच यादी पाहतो.