ऑस्ट्रेलियाची पट्टी, मुरबाडचा पाय

औषध कंपन्यांसाठी इंग्रजीत लिहिणाऱ्याला मराठी पत्रक म्हणजे डाव्या हाताचं काम वाटतं. मलाही वाटलं. मी शहापूरचा, बी. फार्म. झालेला. आसनगावहून लोकल पकडून काही वर्षं मुंबईत नोकरी केली, मग घरी बसून स्वतःची कामं घ्यायला लागलो. औषधचाचण्यांचे अहवाल, गोळ्यांच्या खोक्यातली माहिती, डॉक्टरांच्या परिषदांच्या स्लाइड. कंपनीच्या कामात मजकूर चार जणांच्या नजरेखालून जातो आणि लिहिणाऱ्याची चूक कुणीतरी पकडतंच. त्यामुळे आपण चुकत नाही, असा माझा समज झाला होता.

एका संस्थेला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत वाटायला सर्पदंशाचं पत्रक हवं होतं. पावसाळा तोंडावर, मुदत तोकडी, पैसे पानावर. मी एका परदेशी प्रथमोपचार पुस्तिकेतून मजकूर उचलला : चावलेल्या पायाला बोटांपासून वरपर्यंत पट्टी घट्ट गुंडाळा. ही रीत १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली गेली, तिथल्या नागकुळातल्या सापांसाठी. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाचं विष चावल्या जागेचं मांसही नासवतं. तिथे आवळून बांधलं तर पाय जायची भीती वाढते. भारताच्या उपचार-मार्गदर्शिकेत ही पट्टी बसत नाही. त्यात आपल्याकडे सुतळी, रुमाल, लुगड्याची चिंधी, हाताला येईल ते करकचून बांधायची सवय आधीच आहे. ती मोडायला आरोग्य कर्मचारी वर्षानुवर्षं घसा कोरडा करतायत आणि मी तीच सवय रंगीत छापून दिली.

दुसरी चूक खुणांची. साप विषारी असेल तर दोन दातांच्या खुणा दिसतात, असं मी ठसठशीत लिहिलं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तेव्हा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. वीटभट्टीवरच्या झोपडीत खाली अंथरूण टाकणाऱ्यांसाठीच ते पत्रक होतं, आणि ते वाचून कुणीही म्हणालं असतं, खुणा नाहीत, झोप निवांत.

तिसरीची सर्वांत जास्त लाज वाटते. पत्रकाच्या तळाला मी ‘तज्ज्ञांकडून तपासलेले’ असं घातलं. तपासणी म्हणजे काय, तर एका डॉक्टर मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि त्याने अंगठा दाखवला. त्याने वाचलं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

टोकावड्याकडच्या एका आशाताईंचा फोन आला. “सर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये बांधू नका शिकवलंय. तुमच्या कागदावर बांधा आहे. लोकांना काय सांगू?” मी आधी पुस्तिकेचं नाव सांगून त्यांच्याशी वाद घातला. फोन ठेवल्यावर मार्गदर्शिका उघडली. ती आधी उघडायला हवी होती, फुकट मिळते.

संस्थेला त्याच दिवशी कळवलं. गठ्ठे परत आले, पण सगळे नाही. नवी छपाई माझ्या खर्चाने झाली आणि ते योग्यच होतं. या वेळी मजकूर त्याच आशाताईंना वाचून दाखवला, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसमोर बसून ओळ न् ओळ तपासून घेतला.

एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. एवढ्या मोठ्या मरणावरचा कागद कुणीही, कुणालाही न दाखवता लिहून देऊ शकतो, कारण पत्रकाला कंपनीच्या खोक्यासारखी मंजुरी लागत नाही. हे बदलायला हवं. तोवर आपल्या गावात असं पत्रक आलं तर खाली तपासणाऱ्याचं नाव आहे का बघा. नसेल तर वाटणाऱ्याला विचारा. आणि पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर बांधू नका, चिरू नका, भगताकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता १०८ला फोन करा आणि सर्पविषावरचं प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. खूण दिसो वा न दिसो.