कान न धरता उठाबशा

गृहपाठ केला नाही म्हणून शाळेत मास्तरांनी मला उठाबशा काढायला लावल्या होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी त्या पुन्हा नशिबी येतील असं काही वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं, गुडघा कुरकुरू लागला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याला हात लावण्याआधी मला काट्यावर चढवलं. काटा ८४ वर जाऊन थांबला. "एक किलो उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलोंचा भार हलका होतो," ते म्हणाले. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि घरी येऊन भीष्मप्रतिज्ञा केली.

पहिला प्रयोग उपासाचा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या. पण आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस! महिन्यात वजन दीड किलोने वाढलं.

मग मी इरेला पेटलो. पोळी, भात, वरण सगळं बंद. दोन्ही वेळेला कोबीचं पाणी. दीड महिन्यात सहा किलो गेले. विजार सैल झाली. मी खुशीत!

एके दिवशी नातीबरोबर पत्ते खेळायला जमिनीवर बसलो. डाव संपला, नात उठली, मी मात्र काही केल्या उठेना. शेवटी एका बाजूने नातीने आणि दुसऱ्या बाजूने हिने ओढून मला उभं केलं. नात हसत होती. ही हसत नव्हती.

"काका, या वयात उपाशी राहून वजन उतरवलं, की चरबीबरोबर स्नायूही जातात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वरण, मटकीची उसळ, दही परत ताटात आणलं. साखर आणि तळण कमी केलं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, आणि तीन दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं.

"म्हणजे उठाबशा?"

"हो. कान न धरता."

मोजायला ही असते. तिच्या मोजणीत नवानंतर पुन्हा आठ येतात.

सहा महिन्यांनी काटा ८१ वर आहे. शेजारच्यांना फरक दिसत नाही. पण परवा पत्त्यांचा डाव संपला आणि मी आपला आपण उठलो. हिने सवयीने हात पुढे केला होता. गरज नव्हती, तरी धरला.