साधी कुणाला म्हणतोस?

पुणे, गुरुवार सकाळ

चि. बंडूस,


रविवारी फोनवर तू म्हणालास, "काका, आठवड्यातून एकदा काढायची गाडी, ती पण साधी घ्यायची?" चार दिवस झाले, हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. तुला हवं होतं एका शब्दाचं उत्तर. दोन फोटो पाठवलेस, डावीकडे साधी पोर्शे केमन, उजवीकडे मागे पंख लावलेली पिवळी जीटी-फोर, आणि खाली "कुठली?" एवढंच. मी लगेच सांगूनही टाकलं असतं. पण 'साधी' हा शब्द मला लागला रे. काकू म्हणाली, त्याला पत्र लिहा, म्हणजे मला जेवताना तेच तेच ऐकावं लागणार नाही. म्हणून बसलोय.

साधी म्हणजे कुठली, तर 300 अश्वशक्तीची! साडेतेराशे किलोची गाडी, थांबलेल्या जागेवरून पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठते आणि ताशी 275 पर्यंत पळते. आपल्या पद्मिनीला चाळीसच्या आसपास अश्वशक्ती होती. तेवढ्यावर आपण सहा माणसं, वर कॅरियरला बांधलेली होल्डॉल आणि तुझ्या आजीच्या मांडीवर बरणी, असे खंडाळा चढायचो. त्या गाडीला तुझ्या बाबांनी, म्हणजे दादानं, कधी साधी म्हटलेलं मला आठवत नाही. तुझ्या तोंडी हा शब्द कुठून आला? दुकानदाराच्या तोंडचा शब्द आहे तो. वरचा माल खपवायचा असला की खालच्याला 'साधा' म्हणायचं.

आता तू म्हणशील, काका जीटी-फोरला नावं ठेवतायत. मुळीच नाही. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, 420 अश्वशक्ती आणि मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत चढत जाणारं. अशी इंजिनं आता होणं अवघड आहे, हे मला कळतं. 2016 साली केमनला दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं, तेव्हापासून तिच्या आवाजाबद्दल लोक कुरकुरतात, आणि ती कुरकुर खरी आहे. तू पाठवलेली ती ध्वनिफीत मी तीनदा ऐकली. सहाचा आवाज घसा तापलेल्या गवयासारखा वर जातो, चारचा जात नाही. हे मान्य करूनच पुढचं लिहितोय.

पण आकडे मांडून बघ, इंजिनिअर आहेस ना? जीटी-फोरचे गियर लांब आहेत. दुसऱ्याच गियरमध्ये ती ताशी 130 च्या पुढे जाते. तुमच्याकडे जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा 100 ची. त्या इंजिनाची पूर्ण ओढ सुरू होते पाच हजार फेऱ्यांवर. दुसऱ्या गियरमध्ये पाच हजार फेऱ्या म्हणजे साधारण 85 चा वेग. म्हणजे ज्या आवाजासाठी, ज्या चढण्यासाठी तू एवढे पैसे मोजणार, त्यातला कायद्यानं तुझ्या वाट्याला येणार 85 ते 100 एवढा तुकडा. सुरू झालं म्हणेपर्यंत पाय काढायचा. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा गियर नुसते पेट्रोल वाचवायला! उलट त्या चार सिलिंडरच्या इंजिनाला दोन हजार फेऱ्यांपासून पूर्ण ओढ आहे. वळणातून बाहेर पडताना तुला जे हवं असतं ते तिथे हाताशी असतं.

ऑटोबानचं नाव काढू नकोस. तिथे काही पट्ट्यांवर मर्यादा नाही हे खरं, पण सरळ रस्त्यावर 250 नं जाण्यात हाताला काय शिकायला मिळतं? त्यासाठी केमन कशाला हवी?

आणि तू जे म्हणालास ना, "बाबांनी हाय टॉर्कच घेतली असती", ते अर्धंच खरं आहे. दादानं 1984 साली राजदूत 350 घेतली ती हाय टॉर्क, साडेतीस अश्वशक्तीची. मी 1987 मध्ये घेतली ती लो टॉर्क, 27 ची. मायलेज सुधारावं म्हणून कंपनीनं इंजिन थोडं मऊ केलं होतं. साडेतीन अश्वशक्तीच्या फरकावरून आमच्या घरात काय वाद झाले, तुझ्या आईला विचार. दादा मला 'निम्मी गाडी' म्हणायचा. पण ती निम्मी गाडी मी रोज पूर्ण चालवायचो. कामावर जाताना, परत येताना, रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला. कुठल्या फेऱ्यांना ती अंगात येते, ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटायच्या आधी सीटखाली काय जाणवतं, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. दादाची गाडी चादरीखाली असायची. तिला शनिवारी पुसायचं, लोक बघायला आले की दोनदा रेस करायची, आणि महिन्यातून एकदा लांब न्यायची. पसरणी घाटातल्या वळणावर काय झालं ते तुला माहीत आहे, परत उगाळत नाही. एवढंच सांगतो की गाडी धडधाकट होती. पाऊस होता, रस्ता नेहमीचा होता, दादानं थ्रॉटल जेमतेम एक बोटभर जास्त दिला. त्या गाडीची ताकद हळूहळू यायची नाही, एकदम यायची, आणि ती नेमकी कुठे येते हे चार वर्षांत त्याच्या मनगटाला कळलेलंच नव्हतं. पलंगावर पडल्या पडल्या तो मला म्हणाला होता, "गाडीला काही बोलू नकोस. माझी-तिची ओळखच झाली नाही." पुढे आयुष्यभर जिना उतरताना तो डावा पाय आधी टाकायचा. तू लहान होतास, तुला वाटायचं ती त्याची ऐट आहे.

विषय गाडीचा आहे, पण मला खरं सांगायचंय ते हाताबद्दल. मी पिंपरीत टूलरूमला लागलो तेव्हा पहिले काही आठवडे मला मशिनला हात लावू दिला नव्हता. हातात एक कानस आणि लोखंडाचा ठोकळा. घासायचं, गुण्या लावायचा, ठोकळा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची चीर दिसली की परत घासायचं. पलीकडे नवीन आयात केलेलं मशिन होतं. सगळ्या पोरांना तिकडे जायचं होतं. आमचे फोरमन म्हणायचे, कानशीला तुझी चूक लगेच दाखवता येते, मशिन ती झाकून ठेवतं. ज्या दिवशी उजेडाची चीर बंद झाली त्या दिवशी ठोकळ्यावर माझ्या बोटांचे ठसे होते आणि मला रडू येत होतं. हात बसणं म्हणतात ते हे, बंडू. हात बसायला हत्याराचा शेवट गाठावा लागतो, आणि तो परत परत गाठता यावा लागतो. जे हत्यार तुला त्याच्या शेवटापर्यंत जाऊच देत नाही, ते कितीही उंची असो, तुला काही शिकवत नाही. आता सगळीकडे हेच दिसतं. मोठाल्या लेन्सचे कॅमेरे गळ्यात आणि फोटो फोनवर. दोन माणसांच्या घरात पाच शेगड्या. शेजारच्या पोराला तबल्याच्या तिसऱ्या महिन्यात कुणा थोरामोठ्यांच्या ठेवणीतली जोडी आणून दिली, अजून त्याचा 'ना' नीट निघत नाही. मला हे बघवत नाही. लोकांना चालवायचं नसतं, आपल्याकडे किती शिल्लक आहे हे माहीत असायला हवं असतं.

घोड्यांचंही तेच. आपल्या मराठ्यांच्या घोडदळानं काय दौडीवर दौडी मारल्या, त्या भीमथडीच्या बुटक्या तट्टांवर. घाट चढणारं, मिळेल ते खाणारं, स्वाराच्या मांडीखाली सतत असणारं जनावर. मझदावाले त्यांच्या त्या छोट्या उघड्या गाडीबद्दल घोडा आणि स्वार एक झाल्याचं बोलतात, 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, ते वाचलं तेव्हा मला लगेच पटलं.

त्यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी तिकडे आलो होतो तेव्हा तुझ्या मित्राची मझदा घेऊन आपण ब्लॅक फॉरेस्टमधल्या त्या उंचावरच्या रस्त्यानं, बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटकडे गेलो होतो. दीड लिटरचं इंजिन, 132 अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आसपास. छप्पर मागे. तू प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबता दाबता टाचेनं रेस देऊन गियर खाली घेत होतास. पहिल्या काही वळणांना गाडी हिसका द्यायची. मग एका उतारावर, दोन्हीकडे फरची झाडं आणि रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांची सावली, तिथे गियर असा बसला की मला कळलंही नाही. तू माझ्याकडे बघितलंस. तो चेहरा तू दहावीच्या निकालालाही केला नव्हतास. वेग किती होता आठवतंय? मी काट्याकडे बघितलं होतं. 78.

हे सगळं बाजूला ठेवू. मला खरी झोप लागत नाहीये ती तू जाता जाता जे बोललास त्यामुळे. "जीटी-फोर घेतली तर नॉर्डश्लाइफेला पण नेता येईल." बंडू, तो 20.8 किलोमीटरचा शर्यतीचा रस्ता आहे, जंगलातून जाणारा, सत्तरच्या वर वळणं. एका टोकाला ऊन असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला पाऊस असू शकतो. 1976 साली निकी लाउडाची गाडी तिथेच पेटली, आणि तो जगज्जेता होता. सर्वांना खुल्या असलेल्या दिवशी तुझ्या बाजूला कुणी पहिल्यांदाच आलेला. कठडा मोडला तर त्याचं बिल तुझ्या नावावर. विमा करारातलं बारीक अक्षर तू वाचलंयस का? बऱ्याच करारांत तिथलं नुकसान धरतच नाहीत. त्या गाडीला येणारे टायरसुद्धा ट्रॅकच्या अंगानं बनवलेले. गरम झाले की चिकटतात, पण थंडीत, पावसात त्यांचा भरवसा कमी. आणि शंभरऐवजी 140 नं गेलास की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. वेगाचा वर्ग होतो, हे मीच तुला वाड्याच्या पायरीवर खडूनं लिहून शिकवलं होतं. शंभरच्या वेगात एक सेकंद दचकलास की 28 मीटर गेले. हे मी दादाला सांगू शकलो नाही. तुला सांगतो.

सूनबाईला विचारलंस का? ती तुझ्यासमोर नको म्हणणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. चिमी आता सहाची झाली. गाडीत दोनच सीट आहेत, दुसरी तिची असणार. जीटी-फोर तीन सेंटिमीटर खाली आणि त्या मानानं कडक. त्या पोरीला वाईच्या रस्त्यावर इनोव्हात मळमळतं. तू म्हणालास नंबरप्लेट एप्रिल ते ऑक्टोबरचीच घेणार. सात महिने म्हणजे तीस शनिवार-रविवार. त्यातून पाऊस, पाहुणे, तिची शाळेची नाटकं वजा कर. पंधरा उरतील. त्या पंधरांमध्ये हात बसायला हवा, म्हणून तर मी म्हणतो की गाडी तुझ्या रस्त्याच्या मापाची असू दे.

तेव्हा माझं उत्तर. जीटी-फोर घेऊ नकोस. आणि आवाजावाचून चुटपुट लागणारच असेल, तर 2013 ते 2016 मधली आधीची पिढी बघ. तिच्यात साधीलाच सहा सिलिंडर होते. 2.7 लिटर, टर्बो नाही, 275 अश्वशक्ती. तुला हवा तो गळा आहे, आणि दम तुझ्या रस्त्याएवढा आहे. सहा गियरची मॅन्युअलच घे. वाचलेल्या पैशांतून दोन दिवसांचं ड्रायव्हिंगचं शिक्षण घे, बंद मैदानावर, पाणी टाकलेल्या फरशीवर. गाडी घसरताना काय वाटतं ते तिथे शीक, तिथे कुणी समोरून येत नाही.

रागावू नकोस. सूनबाईला आशीर्वाद, चिमीला पापा. दिवाळीचा फराळ पोस्टानं पाठवतोय, यंदा चकल्या वेगळ्या डब्यात.

तुझा,
काका

ता. क. जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा तिनं किती किलोमीटर कापलेत एवढंच विचारून परत येऊ नकोस. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवे दिसतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन वर्षातल्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायरचे वाच आणि फोटो काढून मला पाठव. मी बघितल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.