क्लेझमॅटिक्स ऐकताना

'क्लेझमर' हा शब्द मूळचा हिब्रू. 'क्ली' म्हणजे पात्र किंवा साधन, 'झेमेर' म्हणजे गाणे. गाण्याचे पात्र, म्हणजे वाद्य. यिडिशमध्ये ते वादकाचेच नाव झाले आणि त्यात थोडी हेटाळणीही मिसळली: लग्नात वाजवणारा अडाणी वाजंत्री. संगीतप्रकाराचे नाव म्हणून तो रूढ झाला १९७०च्या दशकात, अमेरिकेतले तरुण ज्यू वादक जुन्या ७८च्या तबकड्या पुन्हा ऐकू लागले तेव्हा. एव्हाना पूर्व युरोपातली ती लग्नघरे नाहीशी झाली होती.

हे ठाऊक असूनही 'द क्लेझमॅटिक्स' ऐकताना पाय ताल धरतात, आणि आपण नेमके कशावर ताल धरतो आहोत, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये १९८६ साली जमलेला हा संच. फ्रँक लंडनचा ट्रंपेट, लोरिन स्क्लॅमबर्गचे अ‍ॅकॉर्डियन आणि त्याचा तो उंच, आर्जवी आवाज. सोबतीला जाझ, रॉक, बाल्कन लयी. पहिल्या संग्रहाचे नावच 'श्वायग्न = टॉयट'. मौन म्हणजे मृत्यू, ही एड्सच्या साथीत न्यूयॉर्कमध्ये उठलेली घोषणा त्यांनी यिडिशमध्ये आणली. ज्या भाषेचे लक्षावधी बोलणारे मारले गेले, तिच्यातून त्यांना शेजारी मरणाऱ्यांविषयी बोलावेसे वाटले!

शास्त्रीय गाणे शिकलेला माझा एक मित्र या साऱ्याला सरळ 'भेसळ' म्हणतो. त्याचा कान तयार आहे. क्लेझमरच्या 'फ्रेगिश' स्वरमेळात त्याला लगेच बसंत मुखारीचे स्वर दिसले. आलापासारखी तालमुक्त 'दोइना' त्याला आवडते. 'क्रेख्त्स' ही हुंदक्यासारखी हरकत तर तो दोनदोनदा ऐकतो. पण मागून ड्रम वाजू लागले की उठतो. जे गेले ते होते तसेच जपावे, असे त्याचे म्हणणे.

होते तसे म्हणजे कसे? दोइना रुमानियातली, 'बुल्गार' हा नाच बेसराबियातला, 'तेर्किशे'च्या तर नावातच तुर्क. मोल्दोव्हाकडे ज्यू आणि रोमा वादक एकाच ताफ्यात वाजवीत. (ज्यू संगीत म्हणून एकच एक काही नसतेही, आपल्या कोकणातले बेने इस्राएल एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने करीत होते.) १९९३ मध्ये हंगेरीच्या 'मुझिकाश' संचाचा ट्रान्सिल्व्हेनियातल्या हरवलेल्या ज्यू संगीताचा संग्रह आला. युद्धानंतर त्या चाली ज्यांच्या स्मरणात उरल्या होत्या, ते वादक रोमा होते. स्वतः रोमाही त्याच संहारात मारले गेले होते. म्हणून २००२च्या 'ब्रदरहुड ऑफ ब्रास'मध्ये फ्रँक लंडन सर्बियाच्या बोबान मार्कोविचच्या रोमा बँडला सोबत घेतो, तेव्हा मला तिथे ओळखीची माणसे पुन्हा भेटल्यासारखी वाटतात.

सगळेच मिश्रण चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच दशकात युरोपच्या क्लबांतून जी बाल्कन लाट आली, तिच्यात पुष्कळदा ट्रंपेटचा एखादा तुकडा नुसता फिरत राहतो आणि क्रेख्त्स पहिल्यांदा गळून पडतो. खुद्द क्लेझमॅटिक्सचा वुडी गथ्रीच्या शब्दांवरचा 'वंडर व्हील' (२००६) मला जरा गुळगुळीत वाटतो. ग्रॅमी मिळाले ते नेमके त्यालाच. असो.

त्या छळणाऱ्या प्रश्नापाशी मला थोडे थांबवते ती जुन्या लग्नांतली एक रीत. वधूला आसनावर बसवीत, आणि 'बदखन' हा विधींचा सूत्रधार तिच्यासमोर यमके जुळवून तिला रडवी. वाजंत्रीही तिच्याबरोबर रडत. पुढे तीच मंडळी सगळ्यांना पहाटेपर्यंत नाचवीत. रडवणे आणि नाचवणे एकाच बिदागीत येई. ट्रंपेट हुंदका देऊन लगेच उसळी घेतो, तेव्हा मला त्या बिदागीची आठवण होते.

मित्राला 'ब्रदरहुड ऑफ ब्रास' ऐकायला दिला आहे. दोन गाणी झाली म्हणतो. ड्रमविषयी अजून काही बोललेला नाही.