जुन्या शिडाच्या नौकेची पारख

ब्रिटनमध्ये कुटुंबासह किनाऱ्या-किनाऱ्याने चार-आठ दिवस भटकता यावे, रात्री नौकेतच झोपता-रांधता यावे, या हेतूने घेतल्या जाणाऱ्या जुन्या नौकांत १९७०च्या दशकातील फायबरग्लासच्या नौकांचा भरणा आजही मोठा आहे. लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयाने आराखडा केलेली, १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून अधिक संख्येने बांधली गेलेली २६ फुटी ‘वेस्टर्ली सेंटॉर’ हे त्यांतले सर्वपरिचित नाव. कील, म्हणजे नौकेला कलंडू न देणारा तळाचा जड पंखा, हिला एकाऐवजी दोन आहेत. त्यामुळे ओहोटीला पाणी आटले तरी ती चिखलात आडवी न होता सरळ उभी राहते, आणि लहान मुले सोबत असणाऱ्यांना ही सोय वेगापेक्षा मोलाची वाटते.

अशा नौकेचे कवच सहसा मालकापेक्षा दीर्घायुषी ठरते. दगा देतात ते सांधे आणि भोके. नवखा खरेदीदार मात्र ‘ऑस्मोसिस’च्या नावानेच धास्तावतो. बाहेरच्या चकचकीत थरातून पाणी हळूहळू आत झिरपते, तेथील विद्राव्य द्रव्यांशी मिसळते आणि दाब वाढून पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडला तर आतल्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दुरुस्ती खर्चिक असते हे खरे, पण एवढ्यावरून नौका बुडाल्याचे क्वचितच ऐकू येते; घासाघीस करण्यासाठी मात्र हा मुद्दा उत्तम.

खरी धास्ती घ्यावी ती पाण्याखालच्या झडपांची. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी आत घेणारी किंवा मोरीचे पाणी बाहेर सोडणारी झडप साध्या पितळेची असेल, तर समुद्राचे पाणी त्यातील जस्त खाऊन टाकते आणि मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे. चाकूच्या टोकाने खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी छटा दिसली, तर ती झडप वरून कितीही धडधाकट वाटली तरी कामातून गेलेली असते. येथे कासे, किंवा जस्त झिजू नये म्हणून मुद्दाम घडवलेले पितळ, हवे. सेंटॉरसारख्या नौकेत कील जेथे कवचाला बोल्टने जोडलेली असते त्या जागाही आतून विजेरी लावून पाहाव्या लागतात, कारण काही नौकांत तेथे मागाहून बळकटी द्यावी लागली आहे.

डेकची परीक्षा कानाने होते. त्या काळातील अनेक नौकांचे डेक फायबरग्लासच्या दोन पातळ थरांत बाल्सा लाकूड घालून केलेले असते. कठड्याच्या किंवा कप्प्यांच्या स्क्रूभोवतीचे भरण सुटले की पाणी आत शिरते आणि लाकूड कुजत जाते. प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने ठोकत गेले असता निरोगी भागातून टणक, स्वच्छ आवाज येतो आणि कुजलेल्या भागातून बद्द. ही ठोकाठोक चालू असताना विक्रेता फारच बोलू लागला, तर त्याला चहा करायला पाठवणे बरे. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांबाबत डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण त्यांची झीज टोकांच्या घट्ट दाबलेल्या जोडांत दडलेली असते. म्हणून विमा कंपन्या साधारण १० ते १५ वर्षांनी त्या बदलायला लावतात. हा खर्च लवकरच उभा राहणार असेल, तर तो मागितलेल्या किमतीतून आधीच वजा करावा.

एवढे पाहूनही, नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावीच. तो खरेदीदाराने स्वतः नेमलेला असावा, विक्रेत्याने पुढे केलेला जुना अहवाल पुरेसा नाही. उरतात कागद. ब्रिटिश नोंदवहीच्या पहिल्या भागात नौकेची मालकी ६४ हिश्श्यांत नोंदली जाते आणि तिच्यावरील नोंदणीकृत गहाणही तेथे दिसते. लहान नौकांची स्वस्त नोंदणी मात्र मालकी सिद्ध करत नाही. तेव्हा आधीच्या विक्रीखतांची साखळी हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.