पेच

काही शब्दांचे एका घरात भागतच नाही. ‘पेच’ हा त्यांतलाच एक. सकाळी तो आखाड्यात असतो, दुपारी सायकलच्या दुकानात, संक्रांतीला छपरावर, आणि बाराही महिने माणसांच्या संसारात. मूळचा हा फारसी. ‘पेचीदन’ म्हणजे पिळणे, गुंडाळणे. पागोट्याचे पेच आणि त्यावर बांधायचा शिरपेच हे त्याचेच गणगोत. पागोटी गेली, पण शिरपेच वर्तमानपत्रवाल्यांनी टिकवून धरला आहे. कोणी काही मिळवले की त्याच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला जातो, मग डोक्यावर साधी टोपी का नसेना!

आमचे गाव केळझर. टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे, आणि हीच महाभारतातली एकचक्रानगरी अशी गावाची श्रद्धा आहे. (खानदेशातले एरंडोलकरही त्यांच्या गावाबद्दल हेच सांगतात. हा पेच ज्याला लढवायचा त्याने लढवावा.) एकचक्रा म्हटली की बकासुर आला आणि भीमही आला. आदिपर्वातले वर्णन मोठे मजेदार आहे. आधी दोघांची झाडे उपटून फेकाफेकी चालते, मग अंगाला अंग भिडते. शेवटी भीम राक्षसाला पालथा पाडतो, पाठीवर गुडघा रोवतो, एक हात मानेला आणि दुसरा कमरेच्या वस्त्राला घालतो आणि त्याला उलटा वाकवतो. अस्सल पेच! फक्त त्याला पेच म्हणण्याची सोय व्यासांना नव्हती.

आमचे बाबा तरुणपणी आखाड्यात जात. आपण ‘डावपेच’ असे एका दमात म्हणून टाकतो, पण बाबांच्या लेखी डाव वेगळा नि पेच वेगळा. डाव म्हणजे चाल. ती साधते किंवा फसते. पेच म्हणजे पकड, जीत दोघेही गुंतले आहेत. “पेच टाकणाराबी अडकलेलाच राह्यते,” ते म्हणतात, “त्याचेबी दोन्ही हात गुंतले नं!” प्रत्येक पेचाला तोड असते आणि वस्ताद पेच शिकवतो तेव्हा तोडही शिकवतो, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले.

पतंगाच्या पेचाचेही तेच. दोन मांजे एकमेकांवर पडले की लढत सुरू होते. कोणी ढील देऊन काटतो, कोणी खेचून. पण दोन्हींत तत्त्व एकच : आपला मांजा धावता ठेवायचा. धावणारा मांजा सगळ्या लांबीवर थोडा थोडा घासतो. थांबलेला एकाच जागी घासला जातो आणि तिथेच तुटतो. घाबरून दोर घट्ट धरून ठेवणारा हमखास हरतो. नायलॉनच्या मांजाने ह्या कलेची माती केली. तो सहजी तुटत नाही, मात्र रस्त्यावरच्या माणसाचा गळा चिरतो, पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच.

आता यंत्रातला पेच. आमच्याकडचे मिस्त्री स्क्रू फिरवायच्या हत्याराला ‘पेचकस’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मात्र स्क्रूला ‘मळसूत्र’ हा शब्द होता. शब्द चांगला आहे, पण मळसूत्र म्हटल्यावर कोणाचा हात फिरत नाही. पेच म्हटला की मनगट आपोआप वळते. मुळात स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. लांबचा वळसा घेऊन थोड्या जोरात मोठे काम काढायचे, ही त्यातली युक्ती. कापसाच्या गाठी बांधायचे जुने दाब असल्याच प्रचंड पेचांवर चालत. माणसे दांडा फिरवीत आणि फुललेला कापूस दबत जाई. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून येईल. दुकानात नवीन लागलेल्या पोरावर मिस्त्री ओरडतो, “अबे, डावं हाय ते!” गंजलेल्या पेचाची रीत तर आणखी न्यारी आहे. तेल सोडून थांबायचे, मग सोडवण्याआधी त्याला किंचित आवळायचे. गंजाची पकड मोडते आणि मग तो सुटतो.

मराठीचा स्वतःचा ‘पीळ’ आहेच : सुताचा, सुंभाचा, मिशीचा, पीळदार दंडाचा. मग हा पाहुणा कशाला ठेवून घेतला? मला वाटते, पीळ एकट्याला असू शकतो, पेचाला दोघे लागतात. मल्लाला मल्ल, मांजाला मांजा, स्क्रूला लाकूड.

आणि भावाला भाऊ. बांधावर आमची एकच विहीर, बाबांची आणि काकांची मिळून. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला, तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे. कागद एका कार्यालयात पडून आहेत. मोटर ओट्यावर गंजते आहे. दोघेही एकाच आखाड्यातले, त्यामुळे एकमेकांची प्रत्येक तोड दोघांना पाठ. भर जानेवारीत तुरीला पाणी नाही, पण हात कोणी सोडवत नाही. आई तेवढी गुपचूप काकूकडे भाजीची वाटी पाठवते आणि रिकामी वाटी कधी रिकामी परत येत नाही.

यंदा संक्रांतीला मी आमच्या छपरावर होतो, चुलतभाऊ त्यांच्या. मधे एक भिंत. वारा टेकडीकडे होता. दुपारी त्याचा माझा पेच लागला. खाली आमच्या अंगणात बाबा उभे, त्यांच्या अंगणात काका. दोघांच्याही माना वर.

“ढील दे बे!” बाबा ओरडले.

“ढील दे, ढील दे!” पलीकडून काका.

आम्ही दोघांनीही दिली. एकमेकांत अडकलेले ते पतंग देवळाच्या अंगाने लहान लहान होत गेले. दोन्ही चक्र्यांवरचा मांजा संपत आला, पण कटला कोणाचाच नाही.