वाड्यातली दुपार

नारायणराव पेशव्यांचा खून भरदुपारी झाला. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, घरोघरी गणपती बसलेले. पौर्णिमा अजून दोन दिवसांवर होती. मग शनिवारवाड्यातली ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेच्या मध्यरात्रीच का यावी?

पुणेकरांना ती जिथून येते असं वाटतं, तो वाडाही आता नाही. १८२८च्या फेब्रुवारीत लागलेली आग सात दिवस धुमसत होती. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद. अठरा वर्षांचा पेशवा जीव मुठीत धरून ज्या दालनांतून पळाला, ज्या खोलीत काका रघुनाथरावांना बिलगला, ती लाकडी दालनं राख झाली. हाक तेवढी वाचली.

आणि ‘ध चा मा’ वाचला. हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ काकू आनंदीबाईंनी केलं, ही कथा कचेरीतल्या साध्या खाडाखोडीलाही आजवर पुरते आहे. या म्हणीत एकच अक्षर आणि एकच हात मावतो. पगार थकलेले गारदी शिपाई, त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग, वाड्यातच नजरकैदेत ठेवलेले आणि गादीसाठी झुरणारे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा, हे सगळे म्हणीबाहेर. धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन मेलेला चापाजी टिळेकरही बाहेरच. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो राघोबादादांना, तोही तोंडावर. लोकांच्या जिभेवर मात्र त्यांची बायको राहिली. हे अन्यायाचं आहे. पण समजा, अक्षर बदललंच नसतं. उपाशी, चिडलेले, नंग्या तलवारींचे गारदी त्या पोराला नुसतं धरून थांबले असते? आणि धरलेल्या पेशव्याचं पुढे काय करायचं, हे कुणी ठरवलं होतं?

भुताची गोष्ट मात्र आजकालची नव्हे. दुसरा बाजीराव हा राघोबा-आनंदीबाईंचा मुलगा, खुनानंतर जन्मलेला. नारायणरावांचं भूत त्याला छळत असे आणि त्याच्या शांतीसाठी त्याने पुण्याच्या आसपास लाखो आंबे लावले, असं सांगतात. आकडा कुणी मोजला असेल असं वाटत नाही. पण आईबापांच्या पापापायी झाडं लावत सुटलेला पेशवा, हे चित्र त्या पौर्णिमेच्या हाकेपेक्षा कितीतरी खरं वाटतं. पावसाळ्यात खड्डे खणणारी माणसं, बैलगाड्यांतून येणारी रोपं, आणि गादीवर बसूनही रात्री डोळा न लागणारा एक माणूस.

त्याच वाड्यात आणखी एक मृत्यू झाला. बाप नारायणराव मारले गेल्यावर जन्मलेले सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५मध्ये वरच्या मजल्यावरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. तोल गेला की उडी घेतली, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यांची हाक कुणाला ऐकू येत नाही. कैदेतल्या बाजीरावाशी त्यांचा गुपचूप पत्रव्यवहार चालला होता. तो उघडकीला आल्यावर कारभारी नाना फडणिसांनी माधवरावांना कडक शब्दांत समज दिली, असं म्हणतात. माधवराव गेले नसते, तर बाजीरावाला गादी मिळाली नसती.

मग आंबे लावताना बाजीरावाच्या डोळ्यांपुढे नारायणरावच होते, हे कशावरून?